पेप्लस की फाल्काटा? पूर्व भूमध्य किनाऱ्यावरची वर्षायू दुधी बीवरून ओळखताना

सायप्रस, लेबनॉन, गॅलिलीच्या टेकड्या किंवा तुर्कस्तानातला अंताल्याचा किनारा, यांपैकी कुठल्याही ऑलिव्हच्या बागेत फेब्रुवारी-मार्चमध्ये खाली वाकून पाहा. बुंध्याशी, दगडी बांधाच्या फटीत, पायवाटेच्या कडेला वीतभर उंचीची पोपटी रोपे दिसतील. देठ मोडला की पांढरा चीक येतो. तुर्की लोक त्यांना सुत्लेयेन म्हणतात, ग्रीक गालात्सिदा, आणि हिब्रूत हलव्लूव. तिन्ही नावांत दूध आहे, जसे आपल्या अंगणातल्या दुधी या तणाच्या (भोपळ्याच्या नव्हे) नावात आहे. कुळ एकच, एरंडाचे. प्रजातीही एकच, युफोर्बिया.

इथपर्यंत सोपे आहे. पण त्याच बागेत पेप्लस, फाल्काटा, एक्झिग्वा, हेलिओस्कोपिया आणि अलेप्पिका अशा पाच जाती शेजारी-शेजारी उगवू शकतात. या पाचही जातींना स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने 1753 सालीच नावे दिली, तरीही आज छायाचित्रांवरून त्यांची सर्रास अदलाबदल होते. कारण बहुतेक जण पान पाहून नाव ठरवतात. या रोपांचे पान ओलाव्यानुसार, सावलीनुसार आणि वयानुसार बदलते. बी बदलत नाही. म्हणून या लेखातला आग्रह एकच आहे: पिकलेले बी हातात येईपर्यंत जातीचे नाव पक्के करू नका. बाकीच्या सगळ्या पायऱ्या योग्य बी मिळवण्यासाठी आणि ते नीट वाचता येण्यासाठी आहेत.

सोबत काय घ्यायचे

दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग पुरते. वीसपटीचे असेल तर बी पाहताना फार सुख, पण त्याचे क्षेत्र इतके लहान असते की अख्खा पेला, म्हणजे या रोपांचे फूल, एका नजरेत मावत नाही, म्हणून शक्य असल्यास दोन्ही ठेवा. मिलिमीटरच्या रेषांचा आलेख कागद, टोकदार चिमटा, दोन शिवणाच्या सुया, बटर पेपरची लहान पाकिटे, पेन्सिल, आणि मोबाइलचा टॉर्च. पातळ हातमोजे आणि डोळे धुण्यासाठी स्वच्छ पाण्याची बाटली विसरू नका. त्याचे कारण पुढे येईल.

प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. त्यांत रोप घामेजते, दुसऱ्या दिवशी बुरशी धरते आणि बोंड पिकण्याऐवजी कुजते.

कधी जायचे

या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या सरींनंतर ही रोपे रुजतात, वसंतात फुलतात आणि उन्हाळा लागताच वाळून जातात. आपल्याकडच्या पावसाळी तणाचे वेळापत्रक इथे उलटे लावावे लागते. पेप्लस आणि हेलिओस्कोपिया लवकर, जानेवारी-फेब्रुवारीपासूनच फुलावर असतात. फाल्काटा सावकाश येते आणि कापणी झालेल्या धान्याच्या शेतात, मे महिन्यातही, उभी सापडते.

सर्वांत चांगला काळ म्हणजे एकाच रोपावर वरच्या टोकाला फुले आणि खालच्या फाट्यांत पिकत आलेली बोंडे असतील तो. बहुतेक ठिकाणी तो मार्च-एप्रिलमध्ये येतो. नुसती फुले असलेल्या रोपाकडून नाव मिळेलच असे नाही. त्याची जागा लिहून ठेवा आणि तीन आठवड्यांनी परत या.

पहिली पायरी: गट वेगळा काढा

चीक आहे का, हे आधी पाहा. बारीक पानांची इतरही बरीच रोपे या बागांत असतात आणि दुरून ती एक्झिग्वासारखी दिसतात. एखादे खालचे पान तोडून जखमेकडे पाच सेकंद पाहिले की निकाल लागतो. मात्र लेट्यूसच्या नातलगांनाही पांढरा चीक असतो, त्यामुळे चीक ही सुरुवात समजा, शेवट नव्हे.

मग पानांची मांडणी. आपल्याकडची दुधी आणि लहान नायटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्यांची जमिनीलगतची, लालसर, जोडीजोडीने समोरासमोर पाने लावणारी ठेवण आठवत असेल. त्या पानांचा तळ तिरका असतो. तसाच गट भूमध्य किनाऱ्यावरही आहे, पण तो उन्हाळी आहे, फरसबंदीच्या फटींत आणि ओलिताच्या बागांत पसरतो. त्याच्या फुलातल्या मधाच्या ग्रंथींना पांढरी किंवा गुलाबी पाकळीसारखी किनार असते आणि बीच्या टोकाला गाठ नसते. असे रोप हाती आले तर इथेच थांबा. या लेखाचा पुढचा भाग त्याच्यासाठी नाही.

आपल्या पाचही जाती उभ्या वाढतात. खोडावर पाने एकाआड एक, आणि खोड संपते तिथे एकाच ठिकाणाहून दोन ते पाच काड्या छत्रीसारख्या फुटतात. प्रत्येक काडी पुढे पुन्हा दोन-दोन फाट्यांनी विभागत जाते. छत्रीच्या तळाशी पानांचे एक कडे असते आणि प्रत्येक फाट्यापाशी दोन छद, म्हणजे फुलाजवळची पानासारखी अंगे, समोरासमोर असतात. खोडाची पाने, कड्याची पाने आणि फाट्यावरचे छद या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदवहीत त्या वेगवेगळ्या लिहा. एकाच रोपाची दोन वर्णने जुळत नसतील, तर बहुधा एकाने खोडाचे पान मोजलेले असते आणि दुसऱ्याने छद.

दुसरी पायरी: पेला उघडा

ज्याला आपण फूल म्हणतो तो फुलांचा एक छोटा पेला आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला सायाथियम म्हणतात. आत मधोमध एक मादी फूल, म्हणजे फक्त देठावरचे बीजकोश, आणि भोवती अनेक नर फुले, प्रत्येक म्हणजे एकच पुंकेसर. पाकळ्या कुठेच नाहीत. पेल्याच्या काठावर ज्या पिवळट-हिरव्या चकत्या दिसतात त्या मधाच्या ग्रंथी.

पेला नखाएवढाही नसतो, म्हणून त्याला हातात धरून पाहू नका. छद असलेला फाटा तोडून आलेख कागदावर आडवा ठेवा, एका सुईने दाबा, दुसऱ्या सुईने बोंड बाजूला सारा. ग्रंथी चार दिसतील. पाचवीच्या जागी खिंड असते आणि त्या खिंडीतूनच बोंडाचा देठ बाहेर वाकून लटकतो. नवशिक्यांना वाटते ग्रंथी तुटली. तुटलेली नाही, ती तिथे नसतेच.

आता ग्रंथीचा आकार. ती अखंड, लंबगोल, कडेला काहीही न फुटलेली असेल तर रोप हेलिओस्कोपियाच्या बाजूचे आहे. ती चंद्रकोरीसारखी असून दोन्ही टोकांना शिंगे असतील तर ते उरलेल्या चारांपैकी एक आहे. पेप्लसची शिंगे लांब, बारीक, ग्रंथीपेक्षा फिकट असतात. फाल्काटाची आखूड. एक्झिग्वाचीही बारीक असतात, म्हणून शिंगांच्या लांबीवरून पेप्लस आणि एक्झिग्वा वेगळी काढायला जाऊ नका.

एक खबरदारी. जुन्या पेल्यात ग्रंथी सुकून आकसते आणि शिंगे आत वळतात, मग चंद्रकोर लंबगोल वाटू लागते. नर फुलांतून पराग नुकताच बाहेर येत असलेला पेला निवडा. एकाच रोपाचे किमान तीन पेले पाहा.

तिसरी पायरी: बोंड

बोंड तीन कप्प्यांचे, प्रत्येक कप्प्यात एकच बी. पेप्लसचे बोंड सुमारे दोन मिलिमीटर असते आणि त्याच्या प्रत्येक कप्प्याच्या पाठीवरून दोन उंच, अरुंद कडा समांतर धावतात, शेताच्या कडेला शेजारी-शेजारी घातलेल्या दोन बांधांसारख्या. एकदा दिसल्या की त्या विसरत नाहीत. फाल्काटा, एक्झिग्वा आणि हेलिओस्कोपिया यांच्या पाठीवर असे जोडबांध नसतात. हेलिओस्कोपियाचे बोंड मोठे, अडीच ते साडेतीन मिलिमीटर, आणि गुळगुळीत.

कडा पाहायला बोंड कोवळे नसावे आणि फुटलेलेही नसावे. प्रकाश समोरून टाकलात तर कडा सपाट दिसतात. टॉर्च कागदालगत आडवा धरा, म्हणजे त्यांची सावली पडेल.

बोंडावर चामखिळीसारखे उंचवटे किंवा केस दिसले तर या पाच जातींच्या बाहेर बघा. पूर्व भूमध्य भागात तशीही वर्षायू दुधी आहे, पण ती या लेखाच्या कक्षेबाहेर आहे.

चौथी पायरी: बी मिळवणे आणि वाचणे

पिकलेले बोंड वाळताना तडकून फुटते आणि बी दूर फेकते. उघड्या बशीत वाळत ठेवलेल्या रोपाखाली सकाळी एकही बी सापडत नाही, याचे कारण हेच. पूर्ण वाढलेली, हिरवा रंग सोडून पिवळट होऊ लागलेली बोंडे देठासकट काढा, बटर पेपरच्या पाकिटात टाका, पाकिटाची घडी नीट बंद करा आणि सावलीत, हवेशीर जागी ठेवा. दोन ते चार दिवसांत पाकिटातून टक्‌टक्‌ आवाज येतो. मग उघडा. पाकिटावर रोपाचा क्रमांक आधीच पेन्सिलीने लिहिलेला हवा, नाहीतर चार पाकिटे एकत्र आली की सारी मेहनत वाया जाते.

कच्चे बी पांढरे, मऊ, ओलसर असते. त्यावरची नक्षी उमटलेली नसते. अशा बीवरून "गुळगुळीत बी" अशी नोंद करणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक, कारण त्या एका शब्दामुळे ओळख भलत्याच जातीकडे जाते. पिकलेले बी कडक असते, रंग राखाडी किंवा तपकिरी.

बी कोरडेच पाहा. ओले केले की खळगे पाण्याने भरतात. आलेख कागदावर ठेवून आधी लांबी मोजा, मग सुईने हळूच उलटा. पोट आणि पाठ दोन्ही पाहायची असतात. एकाच बाजूचे छायाचित्र अर्धीच माहिती देते. बीच्या एका टोकाला फिकट, मेणासारखी गाठ असते. एरंडीच्या बीच्या टोकाला जी गाठ असते तीच ही, फक्त कितीतरी लहान. मुंग्या तिच्यासाठी बी ओढून नेतात. ही गाठ आहे की नाही, केवढी आहे आणि सहज गळते का, हे लिहा.

पेप्लसचे बी 1.1 ते 1.6 मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहून थोडे मोठे, मोहरीहून लहान. रंग फिकट राखाडी. ते गोल नसून सहा बाजूंचे, पैलू पाडल्यासारखे असते. पोटाकडच्या दोन पैलूंवर प्रत्येकी एक उभी, लांब चर. पाठीकडच्या चार पैलूंवर फाशावरच्या ठिपक्यांसारखे खळगे ओळीने: मधल्या दोन पैलूंवर साधारण चार-चार, कडेच्या दोघांवर दोन-तीन. पुढे चर आणि मागे खळगे, ही जोडी पेप्लसची सही आहे. या पाचांत दुसऱ्या कुणाकडे ती नाही.

फाल्काटाच्या बीवर चौकोनी ठेवणीच्या प्रत्येक बाजूला आडव्या सऱ्या पडलेल्या असतात, चार ते सात. नांगरलेल्या शेताकडे टेकडीवरून पाहावे तसे. गाठ अगदी लहान आणि लगेच गळणारी, म्हणून ती दिसली नाही तर घाबरू नका, सऱ्या मोजा.

एक्झिग्वाच्या राखाडी बीवर ना चर, ना सऱ्या. अंगावर पुरळ उठावे तसे बारीक उंचवटे आणि टोकाला शंकूच्या आकाराची गाठ. अलेप्पिकाचे बीही असेच खडबडीत असते, पण ते मोठे, दोन मिलिमीटरच्या आसपास. हेलिओस्कोपियाचे बी तपकिरी, 1.8 ते 2.5 मिलिमीटर, आणि त्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी. याच प्रदेशातल्या आणखी एका वर्षायू जातीचे नाव फायमॅटोस्पर्मा आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थच गाठीगाठींचे बी. नाव ठेवणाऱ्यांनीही बीच पाहिले होते.

आता पाने पाहा

बी कळल्यावर पाने पुराव्याला पुरावा म्हणून वापरा.

पेप्लसचे पान देठ असलेले, चमच्यासारखे किंवा जवळजवळ गोल, कडा अखंड, अर्धा ते अडीच सेंटिमीटर. छत्रीच्या काड्या बहुधा तीन. छद दिसायला खोडाच्या पानासारखेच, हे लक्षात ठेवण्याजोगे. रोप पूर्ण गुळगुळीत, सावलीत मऊ पोपटी, उघड्यावर लालसर.

फाल्काटाची खोडपाने अरुंद, टोकाकडे रुंद होणारी आणि फळे येईपर्यंत खालची बरीचशी गळून गेलेली असतात. खरी खूण छदांत आहे. ते अंडाकृती पण तिरके, एक बाजू दुसरीपेक्षा फुगलेली, आणि टोकाला बोटाला जाणवेल असा बारीक काटा. छद एकमेकांवर दाटीने बसल्यामुळे फांदीचे टोक माळेसारखे दिसते. फाल्काटा म्हणजे विळ्यासारखी. तो वाकडेपणा इथे शोधायचा.

एक्झिग्वाची पाने रेषेसारखी, बिनदेठाची, एक ते चार मिलिमीटर रुंद. टोक कधी अणकुचीदार, कधी कात्रीने कापल्यासारखे चपटे, मधे एक सूक्ष्म टोक. ही दोन रूपे एकाच शेतात मिळतात. त्यांना दोन जाती समजू नका. छद अरुंद त्रिकोणी आणि तळाशी कानासारखे पसरलेले. अलेप्पिकाची खालची पाने याहूनही बारीक, जवळजवळ केसासारखी आणि खोडावर इतकी दाट की कोवळे रोप बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दिसते. नाव सीरियातल्या अलेप्पो शहरावरून आले आहे.

हेलिओस्कोपियात पानाच्या वरच्या अर्ध्या भागाला बारीक दाते असतात आणि काड्या पाच. पाचांपैकी ही एकच जात पानावरून बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते. ती उत्तर भारतात गव्हाच्या शेतांतही उगवते, त्यामुळे तिचा सराव भारतातच करता येईल.

जिथे हमखास घसरायला होते

दुष्काळी जमिनीवर पेप्लस दोन-तीन सेंटिमीटरवरच फुलते. काड्या तीनऐवजी दोन, पाने तांदळाएवढी. अशा खुज्या रोपांना काही अभ्यासक पेप्लसचाच प्रकार मानतात, काही वेगळी जात. तुम्ही बीची लांबी आणि खळग्यांची संख्या लिहून ठेवा. वर्गीकरण बदलले तरी मोजमाप कामाला येते. त्याउलट, ओलिताच्या कुंडीत तीच पेप्लस हातभर झुडपाळ होते.

वाळवंटाच्या बाजूला, नेगेव्हकडे किंवा जॉर्डनमध्ये, पेप्लसची एक जवळची नातलग कामेपेप्लस भेटते. किनाऱ्यापासून आत आलात आणि रोप पेप्लससारखे पण सडपातळ वाटले, तर घाईने पेप्लस लिहू नका. स्थानिक वनस्पतिसूचीतील वर्णनाशी बीची ताडणी करा.

काड्यांच्या संख्येवर विसंबू नका. गुरांनी शेंडा खाल्ला किंवा गवत कापणाऱ्याने रोप छाटले तर बगलेतून नव्या फांद्या येतात आणि छत्रीच उरत नाही. खालून फुटलेल्या फांद्यांना काड्या समजून मोजणारेही भेटतात. काडी ती, जी खोडाच्या टोकाच्या पानांच्या कड्यातून निघते.

आणि वरून घेतलेले छायाचित्र. त्यात एक हिरवी चकती दिसते, दुसरे काही नाही. सहा छायाचित्रे लागतात: बाजूने पूर्ण रोप पट्टीसह, खोडाच्या पानाची कड, छदांची जोडी, वरून पेला, बाजूने बोंड, आणि आलेख कागदावर बीची पोट-पाठ. यातली शेवटची दोन नसतील तर नोंद "युफोर्बिया, वर्षायू" एवढीच ठेवणे प्रामाणिक ठरते.

चिकाबद्दल, गांभीर्याने

हा चीक त्वचेवर फोड आणतो आणि डोळ्यात गेला तर बुबुळाला तीव्र दाह होतो. देठ मोडल्यावर त्याच हाताने घाम पुसणे, हा नेहमीचा अपघात. हातमोजे घाला, डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. रोपाचा तुकडा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना कारण कळेल.

पेप्लसच्या चिकातल्या इंजेनॉल मेब्युटेट या द्रव्यापासून उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या खरखरीत डागांवर मलम तयार झाले, 2012 साली अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. पुढे त्वचेच्या कर्करोगाच्या धोक्यामुळे 2020 मध्ये युरोपात ते बाजारातून काढण्यात आले. शुद्ध करून, मोजून दिलेल्या औषधाची ही गत, तर चामखिळीवर कच्चा चीक लावण्याचा घरगुती सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका.

नमुना ठेवायचा असेल तर

संरक्षित क्षेत्रात आधी परवानगी घ्या. रोप मुळासकट काढा, कारण वर्षायू आहे हे बारीक, एकेरी सोटमुळावरूनच सिद्ध होते. जाड, लाकडी बुंधा निघाला तर रोप बहुवर्षायू आहे आणि वरची सगळी तुलना रद्द. जखमेवरचा चीक टिपकागदाने टिपून घ्या, नाहीतर तो कागदाला चिकटून पान फाटते. वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबा, पहिले तीन दिवस रोज कागद बदला. एक फाटा छद उघडे राहतील असा पसरवा. बियांचे पाकीट त्याच कागदावर चिकटवा. चिठ्ठीवर जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमीन, तारीख, आणि ओल्या रोपाचा रंग लिहा. वाळल्यावर ग्रंथींचा पिवळेपणा आणि खोडाची लाली जाते.

इस्रायलमध्ये अश्दोद, लोद, दिमोना येथे मराठी बोलणारी बेने इस्रायल घरे आहेत. त्यांच्या कुंड्यांत हिवाळ्यात न लावता उगवणारे चमच्याच्या पानांचे तण बहुतेक वेळा पेप्लसच असते, आणि वरच्या चारही पायऱ्या बाल्कनीत बसून करता येतात. भारतात परतताना मात्र बियांचे पाकीट बॅगेत टाकू नका. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार बाहेरून बी आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. बीची आलेख कागदावरची छायाचित्रे आणा, आणि पाकीट तिथल्याच एखाद्या विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहाकडे द्या.